सोनटक्के सरांच्या रजिस्टरमधली नावं

माझ्या फोटोसकट जे इंग्लिश ग्रामरचं पुस्तक तुमच्या पोरांच्या दप्तरात आहे, ते मी लिहिलेलं नाही.

ते सोनटक्के सरांचं आहे.

सर आज सकाळी गेले.

औरंगपुऱ्यात बांगड्यांच्या दुकानावरच्या खोलीत सर क्लास घ्यायचे. दहावीला इंग्लिशमध्ये आपटलेली आम्ही पोरं. मी दौलताबादहून यायचो. कॅपिटल कुठं, फुलस्टॉप कुठं, कशाचाच पत्ता नाय.

सरांची एकच पद्धत. नियमाला उदाहरण द्यायचं ते समोर बसलेल्या पोराचं. खरं नाव, खरं गाव. वाक्य जमलं की ते सरांच्या जाड रजिस्टरमध्ये जायचं आणि पुढच्या प्रत्येक बॅचला शिकवलं जायचं.

फुलस्टॉपच्या पानावर मी होतो. "गणेश कम्स फ्रॉम दौलताबाद."

प्रश्नचिन्हाच्या पानावर हर्सूलची शबाना. "व्हाय इज शबाना लाफिंग?" तिला हसू आवरायचंच नाही, म्हणून. लई खूश झाली होती त्या दिवशी.

पुढं मीही इंग्लिश शिकवायला लागलो. सरांनी रजिस्टर आपणहून दिलं. "झेरॉक्स मारून घे. पोरांच्या कामी येईल."

मी झेरॉक्स मारली. टाईप करून घेतलं. कव्हरवर कोट घातलेला स्वतःचा फोटो छापला.

आभाराच्या पानावर आई-वडील, बायको, डीटीपीवालासुद्धा.

सर नाहीत.

आणि पोरांची नावं बदलली. गावठी वाटतात म्हणून. सगळीकडं जॉन आणि मेरी.

एके दुपारी सर माझ्या क्लासवर आले. पिशवीत ते पुस्तक. माझ्यासमोर ॲडमिशनला आलेले दोन पालक. मी ओळख करून दिली, "हे आमच्या ओळखीचे काका."

काका म्हणालो मी त्यांना. लिहितानासुद्धा लाज वाटते.

पालक गेल्यावर सर म्हणाले, "छपाई छान झालीय."

"सर, मी सांगणारच होतो तुम्हाला..."

"माझं राहू दे रे. पोरांची नावं कामून काढली?"

"मार्केटला तसंच लागतं, सर."

"शबाना भेटली की विचारते, माझं वाक्य आहे ना अजून? तिला काय सांगू मी?"

मी चहा मागवला. सरांनी तो प्यायला, पुस्तक टेबलावर ठेवलं आणि गेले.

उघडून बघितलं. प्रत्येक जॉन आणि मेरीच्या वर पेन्सिलनं खरं नाव लिहिलेलं. शेवटच्या पानापर्यंत.

मी ते ड्रॉवरमध्ये टाकलं. त्यानंतर पुस्तक दोनदा पुन्हा छापलं. दोन्ही वेळा जॉन आणि मेरीच.

सरांचं घर क्लासपासून गाडीवर दहा मिनिटं. कधी गेलो नाही. आजारी आहेत असं कळलं तेव्हाही 'रविवारी जाऊ' म्हणालो. कोणत्या तोंडानं जाणार होतो?

आज गेलो.

दारात शबाना उभी. रडून डोळे सुजलेले. वाटलं, आता ही सगळ्यांसमोर माझी लाज काढणार. काढायलाच पाहिजे होती.

ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "गणेश, सर बोले थे मेरेकू. अगली बार किताब में तेरा नाम आरा. गणेश खुद जबान दिया, बोले."

मी कसलीही जबान दिली नव्हती.

सर माझ्यासाठी खोटं बोलले होते.

आणि मी काय केलं? मान हलवली. "हो, टाकतोय," म्हणालो. सरांच्या दारात उभं राहूनसुद्धा खरं बोलायची हिंमत झाली नाही, म्हणून इथं लिहितोय.

शबाना, सर मला विचारायला आले होते. मी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

पुस्तक आजपासून बंद. पुन्हा निघालं तर सरांच्या नावानं निघेल, आणि आत तुम्ही सगळे असाल.

सर, माफी मागायला मी फार उशिरा आलो.

शेवटचा नमस्कार तेवढा घ्या.