मुक्या दगडाच्या मॅडम

एका संस्थेसाठी दगडांचा नकाशा करायला आलेल्या भूशास्त्रज्ञ मॅडमनी मागच्या उन्हाळ्यात साखरखेर्ड्याची खोली सोडली. निरोप द्यायला दोघेच होतो: घरमालकीण शकूकाकू आणि शेजारच्या खोलीत राहणारा बातमीदार, म्हणजे मी.

मॅडम दगडावर आम्लाचा थेंब टाकत आणि कान लावत. साधा चुनखडक लगेच फसफसतो. मॅग्नेशियम शिरून बदललेला गप्प राहतो; त्याची भुकटी केली तरच हळू आवाज देतो. पहिल्याला त्या ‘बोलका’ म्हणत, दुसऱ्याला ‘मुका’. शोध मुक्याचा होता.

“दगडाले कान लावता, आन् आमच्याशी काऊन नाही बोलत बाई?” काकूंनी एकदा विचारले.

“दगड उलटे प्रश्न विचारत नाहीत, काकू.”

“म्हणून त एकट्याच हाये तुम्ही.”

मॅडम हसल्या. जेवणाचे ताट मात्र खोलीत घेऊन गेल्या.

त्यांच्या संगणकावर विमानातून अवरक्त किरणांत टिपलेली चित्रे असत. प्रत्येक खनिज हे किरण आपापल्या परीने शोषते. त्यावरून मुका दगड चित्रात जांभळा दाखवला जाई. बहुतेक जांभळे ठिपके जागेवर गेल्यावर खोटे निघाले; ते मॅडम राखाडी करत. दुसरबीडच्या बाजूचा एक मोठा पट्टा उरला. तो खरा ठरला तर काम पुढे चालणार होते. नाही तर संस्था ते बंद करणार होती आणि मॅडमची नेमणूकही संपणार होती.

मी सोबत गेलो त्या दिवशी त्या पट्ट्यात उचललेला प्रत्येक खडा फसफसला. शेतात साधी चुनखडी होती. बांधावर सोयाबीनचे कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, कुजत पडलेले पाहून मॅडम थांबल्या. विमान मळणीनंतर उडाले होते. शेतभर पसरलेल्या वाळक्या कुटाराची खूण चुनखडीच्या खुणेत मिसळली होती आणि चित्राने ती मुका दगड म्हणून वाचली होती.

“काय निंगालं मॅडम? सोनं हाय काय?” शेतमालकाने विचारले.

“कुटार.”

“मंग न्या की पोतंभर!”

परतताना मी म्हणालो, राहू द्या जांभळाच, पुन्हा तपासायला इथे कोण येणार आहे?

“नकाशावर लिहिलं की कोणीतरी येतंच,” त्या म्हणाल्या. “आणि खणतं.”

अहवाल त्याच संध्याकाळी गेला. काही आठवड्यांनी काम थांबवल्याचे कळवण्यात आले.

“आता कुठं?” मेहकरच्या बसपाशी काकूंनी विचारले.

“सध्या कुठेच नाही.”

त्यानंतर काकूंनी दोनदा फोन लावला. लागला नाही. अंतिम नकाशा संस्थेच्या संकेतस्थळावर आहे. दुसरबीडच्या बाजूचा तो पट्टा त्यात राखाडी आहे.