कंप्युटरच्या खोलीबाहेरचे बूट

१९८८च्या हिवाळ्यात, एका शनिवारी दुपारी, सातिवलीतल्या आमच्या बिजागऱ्यांच्या कारखान्यात कंप्युटरमधली तयार मालाची सगळी नोंद पुसली गेली.

मी डिस्पॅचला कारकून होतो. माझे टेबल कंप्युटरच्या खोलीसमोर होते. मशीनला धूळ चालत नाही म्हणून सर्वांनी पादत्राणे बाहेर काढायची, असा नियम होता. उद्घाटनाचा नारळही बाहेरच फुटला. धुळीचा बंदोबस्त एवढा कडक होता.

पासवर्डचा नव्हता. ऑपरेटरबाईंच्या खात्यातून नोंद करता येई, पुसता येत नसे. पुसण्याचा अधिकार फक्त मॅनेजरांच्या मुख्य खात्याला. मशीन बसवणाऱ्याने बजावले होते, याचा पासवर्ड एकाच माणसाकडे ठेवा. सुरुवातीला मॅनेजर तो टाइप करताना आम्हाला भिंतीकडे तोंड करून उभे करत. पुढे चहा सोडून उठायचा त्यांना कंटाळा येऊ लागला. मग ते केबिनमधूनच ओरडत, "अहो, मालकांच्या गाडीचा नंबर टाका ना!" गाडी दिवसभर फाटकाशी उभी असे.

सोमवारी चौकशी झाली. मॅनेजर, त्यांच्या शेजारी नुकतेच कामावर रुजू झालेले मालकांचे जावई, समोर ऑपरेटरबाई. बाई नायगावच्या; घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चाले. मला आणि शिपायाला दाराशी उभे केले होते.

"मुख्य खात्यातून पुसलंय," मॅनेजर म्हणाले. "म्हणजे तुम्हीच."

"साहेब, ते खातं तुमचं आहे."

"माझं आहे, म्हणूनच मी नाही हे उघड आहे."

"मी तेव्हा जेवायला बसले होते. आणि पासवर्ड तर वॉचमनलाही पाठ आहे."

शिपाई खाडीकडच्या गावचा, वयस्कर माणूस. तो विचारण्याची वाट न पाहता बोलला, "बाईंच्या चपला नव्हत्या तिथं. तपकिरी बूट होते. माझ्या चपलांवरच काढलेले. कोनाचे, ते मी कशाला सांगू?"

जावयांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. पायांत तपकिरी बूट होते.

मॅनेजरांनी खाली पाहिले नाही. "बुटांची नोंद कंप्युटरमध्ये आहे का?"

शनिवारी तेच बूट मीही पाहिले होते, असे मी सांगितले.

"तुम्ही डिस्पॅचचे," ते म्हणाले. "डिस्पॅचपुरतं बघा."

चौकशीचा निष्कर्ष असा निघाला की ऑपरेटरने अधिकार नसताना मुख्य खाते वापरले. बाईंना पॅकिंगला पाठवले. पासवर्ड बदलण्यात आला. नव्या पासवर्डसाठी जावयांच्या गाडीचा नंबर निवडला. तोही मॅनेजरांनी केबिनमधूनच ओरडून कळवला. खोलीबाहेर पादत्राणांसाठी दाराचे, आतले काही दिसू न देणारे कपाट बसवले.

महिनाअखेरीस बाईंनी राजीनामा दिला. तो त्याच दिवशी मंजूर झाला. मंजुरीच्या कागदावर सही जावयांची होती.