तेच सूत्र, नवा क्लास

मंगळवार पेठेतल्या भैरवीचा राग आख्ख्या गल्लीला ठाऊक होता. पण त्या दिवशी आजऱ्याला जाताना तिनं गाडीत अवाक्षर काढलं नाही, तेव्हा ड्रायव्हरलाच धास्ती वाटली.

तिथल्या काजू कारखान्याच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर तिच्या कंपनीचं. ऐन हंगामात ते दुपारपर्यंत चालायचं आणि मेमरी संपली म्हणून बसायचं. कंपनीचे मालक उन्मेष सरांचं उत्तर ठरलेलं, "रॅम वाढव." दोनदा वाढवून झाली होती. आजही त्यांनी तिच्या हातात रॅमचं नवं पाकीट कोंबलं होतं.

दुखणं दुसरंच होतं, आणि तिनं ते महिन्यापूर्वी मीटिंगमध्ये सांगितलं होतं. काट्यावर माल आला की प्रोग्राम दराच्या सूत्राचा जावा क्लास, म्हणजे ते सूत्र चालवणारा कोडचा तुकडा, तयार करायचा. सूत्र तेच, क्लास मात्र दरवेळी नवा. मेमरीत शिरलेला क्लास, त्याला आणणारा लोडर सुटल्याशिवाय बाहेर पडत नाही. आणि सरांनी स्वतः लिहिलेल्या कोडनं एकूण एक लोडर धरून ठेवला होता. "पुस्तकातलं नको सांगूस," म्हणत ते सगळ्यांसमोर हसले होते.

कारखान्याच्या दारात उन्हात टेम्पो खोळंबलेले. मॅनेजर बाळासो तिला बघताच कडाडले, "मॅडम, लोकं आम्हाला शिव्या घालाय लागल्यात. तुमचं सर म्हणत्यात, तुमचाच कोड जड हाय."

भैरवीची कानशिलं तापली. "असं म्हणाले?"

"व्हय की. सकाळीच."

ती खुर्चीत बसली. सूत्र तेच असेल तर आधीचाच क्लास वापरायचा, एवढाच बदल तिनं केला, तोही कीबोर्ड फुटेल अशा जोरानं. मग काटा सुरू केला. टेम्पोमागून टेम्पो रिकामे झाले. स्क्रीनवर लोड झालेल्या क्लासांचा आकडा जागचा हलला नाही, आणि मेमरीही भरली नाही.

संध्याकाळी बाळासोंच्या फोनवर सरांचा आवाज आला, "बघा, रॅम घातल्यावर कसं पळतंय."

भैरवीनं फोन मागून घेतला. "पाकीट मी फोडलेलंच नाही, सर. तुमचा कोड बदललाय. माझं नाव घेऊन खोटं सांगितलंत, ते आता बाळासोंना खरं सांगा. मी इथंच उभी आहे."

तिनं फोन बाळासोंसमोर धरला. "कोड माझा होता," सर अखेर पुटपुटले.

बाळासोंनी चहा मागवला. "आता शांत व्हा की, मॅडम."

"नाही होणार. नुसतं ऐकून घेतलं असतं, तर ही माणसं महिनाभर उन्हात ताटकळली नसती."

चहा तसाच निवला. सर पुढं आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. तिलाही घाई नव्हती.