घाटात दम सोडणारी मोटार

आमच्या घरात हात आधी चालायचा, तोंड मागून. सोलापुरात भवानी पेठेत भाड्याच्या बैलगाड्यांचा पिढीजात धंदा. चढाला बैल अडला की माझा थोरला भाऊ, दादा, आसूड ओढायचा. तेवढ्यानं नाही भागलं तर शेपूट पिरगाळायचा, आणि तरीही बैल हलला नाही तर शेपटीला कडकडून चावायचा. गाड्या विकून त्यानं उतारूंची मोटार घेतली तेव्हा बैल सुटले म्हणून मला बरं वाटलं. पण राग काही बैलांबरोबर विकला गेला नव्हता.

मोटार सोलापूर-तुळजापूर अशी पळायची. चालवायला अक्कलकोटकडचा एक ड्रायव्हर ठेवला होता. कमी बोलणारा, बोलता बोलता कानडीत शिरणारा. सपाटीला गाडी झकास जायची. पण दसरा उलटून काही दिवस गेले आणि तिला घाटाचं काय वावडं झालं कोण जाणे. निम्म्या चढावर ती फुरफुरायची, गचके द्यायची आणि बंद पडायची. मग उतारू खाली, मागच्या चाकाला दगड, आणि दादाच्या शिव्या. एकदा दगड लावायला उशीर झाला. गाडी घसरत मागं कठड्यावर आदळली आणि एका म्हाताऱ्याचं डोकं फुटलं. त्याचं धोतर रक्तानं भिजलं होतं.

दुसऱ्या दिवशी मोटार अड्ड्यावर, भरल्या गाडीसमोर, दादानं ड्रायव्हरच्या थोबाडीत ठेवून दिली. "चोरा! प्येट्रोल काढून इकतोस आन् राकेल भरतोस व्हय रं?" त्याच्या ओठातून रक्त आलं. तो एवढंच म्हणाला, "न्हाय मालक." पण अड्डा ऐकत होता. चोर म्हणून एकदा नाव झालं की सोलापुरात दुसरा कुणी त्याच्या हातात गाडी देणार नव्हता, हे मला कळत होतं आणि त्यालाही.

मी गिरणीत फिटर होतो, म्हणून बिघाड शोधणं माझ्या गळ्यात आलं. मी फडकं पेट्रोलात बुडवून वाळवलं. राकेल असतं तर तेलकट डाग राहिला असता. फडकं कोरडं ठणठणीत. प्लग घासले, नळी फुंकली, कार्बुरेटर उघडून पुसला. गाडी सुरू करायचं लोखंडी हँडल मारताना ते उलटं फिरलं आणि माझं मनगट सुजून भोपळा झालं. "दादा, प्येट्रोल चोख हाय," मी म्हणालो. "मंजे तू बी त्याला सामील," दादा म्हणाला. खरं सांगतो, त्या क्षणी ते हँडल मी त्याच्याच डोक्यात घातलं असतं. मनगट आड आलं.

मग मी स्वतः गाडीबरोबर गेलो. घाटात नेहमीच्याच जागी तिनं दम सोडला. उतारू उतरले. दादानं हँडल उचललं, पण ते गाडीसाठी नव्हतं. त्यानं ड्रायव्हरची मान पकडून त्याला मडगार्डवर दाबलं. "आज तुझं हाडच मोडतो." टाकीत पेट्रोल आहे तेवढं तरी दाखवावं म्हणून मी घाईनं झाकण फिरवलं, आणि आत सूंऽऽ करून हवा शिरली.

"थांब!" मी असा ओरडलो की दादाही थांबला. झाकण बसवून गाडी सुरू केली, तर पठ्ठी डरकाळी फोडत निघाली. थोडी चढली आणि पुन्हा मेली. पुन्हा झाकण उघडलं, पुन्हा तोच सुस्कारा. झारीच्या वरच्या तोंडावर तळहात गच्च दाबला तर तोटीतून पाणी पडत नाही, तसं झालं होतं. झाकणाला हवा आत यायला एक बारीक भोक असतं. तेच बुजलेलं. सपाटीवर इंजिन थोडं पितं, तेव्हा कुठूनतरी झिरपलेली हवा पुरते. चढाला ते घटाघटा मागतं आणि पेट्रोल उतरतच नाही. मी बाभळीचा काटा घेऊन भोक कोरलं. आतून लाल पापुद्रा निघाला.

कुंकू. ते कुणाचं, हे मी लगेच ओळखलं. आमची वहिनी. बैलांना ओवाळत आलेली बाई. दसऱ्याला मोटारीची पूजा झाली, पण तिचं त्यावर समाधान होईना. दादानं बाईमाणसाला मोटारीला हात लावायची बंदी केली होती, म्हणून तो आंघोळीला गेला की ती ओल्या बोटानं कुंकू लावून जायची. आणि तेही झाकणावर, कारण जिथून जनावर खातं-पितं तिथंच त्याचं कपाळ, असा तिचा हिशेब. मी ते पाहिलं होतं, आणि रोज सकाळी गाडी पुसणाऱ्या ड्रायव्हरनंही.

"कुनी लावलं हे?" दादानं विचारलं. घरी काय होईल हे मला दिसलं आणि मी खाली बघून झाकण पुसू लागलो.

"मी, मालक," ड्रायव्हर म्हणाला.

दादानं हँडल हाणलं. मी मध्ये पडलो, तरी घाव त्याच्या खांद्यावर बसायचा तो बसलाच. मग गाडी एका दमात घाट चढली. ड्रायव्हरचा एक हात स्टिअरिंगवर, दुसरा मांडीवर लोंबत होता.

संध्याकाळी जेवताना दादा खुशीत ती गोष्ट सांगत होता. वाढता वाढता वहिनी थांबली. "ते मी लावलंय," ती म्हणाली. दादा ताटावरून उठला, त्याच्या आधी मी उठलो. आम्ही दोघे भाऊ चुलीपाशी अक्षरशः लोळलो. आमटीचं भांडं उलटलं, त्याच्या नखांनी माझा गाल फाटला. दमून दोघंही भिंतीला टेकलो, तेव्हा ती म्हणाली, "झालं? आता उद्या अड्ड्यावर जा. चारचौगांत त्याला चोर म्हनलासा, चारचौगांतच फेडा." दादानं तिच्याकडे पाहिलं. मग उलटलेलं भांडं उचलून सरळ ठेवलं.

सकाळी खांदा बांधून ड्रायव्हर आला. गाडी भरली होती. दादा खाली मान घालून, दाढीत पुटपुटला, "ह्यो चोर न्हाय."

ड्रायव्हरनं मागं वळून भरल्या गाडीकडे पाहिलं, मग दादाकडे.

"मागच्या बाकाला ऐकू आलं न्हाय, मालक," तो म्हणाला.