पिन न मारलेलं पुस्तक

मुखपृष्ठावर पतंग होता, म्हणून लहान मुलांचं असणार असं समजून मी ते पुस्तक न वाचताच लोणीला मामांच्या वाचनालयाला भेट दिलं.

मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. वाईट गोष्ट झाकून ठेवली की ती नाहीशी होते, यावर त्यांच्याइतकी गाढ श्रद्धा असलेला माणूस अख्ख्या आंबेगाव तालुक्यात सापडायचा नाही. मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या ओट्यावर गावातल्या पोरांसाठी वाचनालय काढलं आणि आलेलं प्रत्येक पुस्तक आधी स्वतः वाचायचा नेम धरला. पोरांना झेपणार नाही असं पान आलं की ते स्टेपलरनं पुढच्या पानाला शिवून टाकायचे. भुताच्या गोष्टीतलं भूत शिवलेलं. प्रेमाच्या गोष्टीतलं प्रेम तर तिन्ही बाजूंनी. एका रहस्यकथेतला खून त्यांनी असा काही कोंडला होता, की मी ती प्रवासवर्णन म्हणून वाचली आणि 'महाबळेश्वरचं वर्णन छान आहे' असं त्यांना सांगूनही आलो. पोरं अर्थातच पुस्तक निवडताना कडेनं बोट फिरवून पिना कुठं लागतात ते आधी बघायची.

माझ्या पुस्तकापुढे मात्र स्टेपलरनं हात टेकले. मामांचा फोन आला, "पावणं, ह्यात पिन मारू कुठं? पुठ्ठ्याला पुठ्ठाच शिवावा लागंल." मग त्यांनी गोष्ट सांगितली. कुंपणानं वेढलेलं एक गाव. पोरांच्या गळ्यात लोखंडी कडी. दिवस कलला की भोंगा वाजतो, दारं लागतात. तरी दरसाल एखादं पोर बाहेरच्या अंधारात ओढलं जातंच, आणि दुसऱ्या दिवशी गाव त्याचं नाव सगळीकडून पुसून टाकतं. पुन्हा उच्चारायचं नाही. मी म्हणालो, टाकून द्या. पण टाकायला ते मामांच्या हातात होतं कुठं? पुस्तक त्यांच्या नातीनं, तनूनं, आधीच पळवलं होतं.

मामांचा सगळा जीव या तेरा वर्षांच्या पोरीत. गेल्या उसाच्या हंगामात शेजारच्या वावरात ऊसतोडकऱ्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, उभ्या राहिल्या होत्या. त्यातल्या एका कोपीतली सोनी तनूची मैत्रीण झाली. एका संध्याकाळी सोनीला बिबट्यानं नेलं. तिचे आईबाप कोपी मोडून निघून गेले, आणि मामांनी घरात तो विषयच बंद करून टाकला. तेव्हापासून तनू विचारलं तेवढंच बोलायची, शाळेखेरीज उंबरा ओलांडायची नाही. आता या पुस्तकानं पोर पुरती मिटणार, या धास्तीनं मामांनी मला बोलावून घेतलं.

मी पोचलो तर तनू ओट्यावर, पुस्तक वाचून संपलेलं. तिची आई शेतावर निघाली होती, गळ्यात खिळ्यांचा पट्टा बांधत. बिबट्या मानेलाच धरतो, म्हणून हल्ली तिथल्या बाया तो बांधूनच खुरपायला जातात. मी काही समजुतीचं बोलणार, तोच तनू आजोबांना म्हणाली,

"ह्यातली पोरगी मैत्रिणीचं नाव कोळशानं भिंतीवर लिहिती. लोक पुसत्यात, ती परत लिहिती. तुमी सोनीचं नाव का घेऊ देत न्हाई?"

"तू भिशील म्हणून, बाळा."

"भ्यालेच व्हते की. एकटीच."

मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांच्या तोंडाकडे बघवेना. मग फार जपून, परक्या गावात पत्ता विचारावा तसं त्यांनी विचारलं, "सोनी चिंचा लई खायची, न्हाई का?"

"लई. दात आंबले तरी." तनू किंचित हसली आणि बोलतच राहिली; सोनीला गावाकडचं कोणतं गाणं यायचं, ती पाढे कशी चुकायची. मामा मान हलवत ऐकत होते. मध्येच ते स्वतःही काहीतरी आठवून सांगत होते.

इथे शहाण्या माणसानं गप्प बसायचं असतं. मी तनूच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो, "पण बाळ, घाबरायचं नाही हं. पुस्तकातलं ते सगळं कल्पनेतलं. असं गाव खरं कुठं असतं का?"

पट्ट्याचं बक्कल लावता लावता तिची आई थांबली. तनूनं माझ्याकडे जरा दयेनंच पाहिलं.

"काका, तुमी पुण्याला ऱ्हाता. तुमाला ती गोष्टच वाटणार."