छातीशी धरलेला उतारू

तेव्हा मुंबईची आगबोट रत्नागिरीच्या किनाऱ्याला लागत नसे. ती खोल पाण्यात थांबे. मचव्यातून आपण जवळ यायचं आणि उरलेलं कंबरभर पाणी खलाशाच्या पाठीवर बसून ओलांडायचं.

त्यातल्या एका खलाशाला मी दर खेपेला पाहत असे. नाव कधी विचारलं नाही. उतारू पाठीवर आला की तो कमरेत किंचित पुढे वाके, पाय वाळूवरून सरकवत नेई आणि लाट आली की थांबून तिला जाऊ देई. उतारू वळवळला तर खेकसायचा, "आंग हलवू नका, दोगंय बुडू!"

गिरणीत छातीचा आजार जडलेल्या माझ्या थोरल्या भावाला घरी आणलं, तेव्हाही तोच पुढे आला. भावाकडे त्याने एकदाच पाहिलं आणि पाठ वळवलीच नाही. त्याला दोन्ही हातांवर घेऊन छातीशी धरलं आणि स्वतः मागे रेलला.

"पाठीवर घ्या की, सोपं पडेल," मी म्हणालो.

"पाठीवरच्या मान्साने मला धरायचा आसता," तो म्हणाला. "ह्यांना मीच धराया पायजे."

घरी मीही भावाला तसंच उचलू लागलो. छातीशी घ्यायचं आणि कमरेतून मागे रेलायचं. भाऊ माझ्या मानेभोवती हात टाकी, तेवढाच भार हलका होई.

एका सकाळी ओटीवर न्यायला त्याला उचललं. अंग कालच्याएवढंच होतं, पण मला फार मागे रेलावं लागलं. मानेवर हात आला नव्हता; तो गार पडून खाली लोंबत होता.