गळालेलं 'म्हणे'

तुमच्या लेकराला कुणी गुंगीचं औषध पाजतंय असं कानावर आलं, तर तुम्ही आधी काय कराल? शांत डोक्याने चौकशी करू, असं सांगू नका. तसं सगळेच सांगतात. वेळ आली की हात आधी चपलेकडे जातो आणि डोकं मागून रमतगमत येतं. उलटीकाकूचंही तसंच झालं, आणि ती तर अख्ख्या कारखान्यात संशयी म्हणून नावाजलेली बाई.

कारखाना शर्ट शिवायचा. काकू तपासणीच्या टेबलावर. शर्ट हातात आला की तो उलटा करायचा, बगलेतली शिवण दोन्ही अंगठ्यांनी ताणायची, दोरा तुटला की शर्ट परत. वरून सगळेच शर्ट देखणे दिसतात, असं तिचं म्हणणं. त्यावरून तिला हे नाव पडलं. नव्या मुली नाव ऐकून तोंड दाबून हसायच्या. ती म्हणायची, हसा पोरींनो, शर्ट परत आला की कळेल उलटी कुणाला होते ते.

नवरा लवकर गेला. मुलगा तिने याच टेबलाच्या जिवावर वाढवला, त्याचं लग्न केलं, सुनेलाही इथेच मशीनवर चिकटवलं. सासू-सुना घरी तोंडाला तोंड द्यायच्या आणि कामावर एकमेकींच्या डब्यात जेवायच्या. दोघींचा जीव अडकलेला मात्र एकाच ठिकाणी, चिमीत. चिमी म्हणजे नात, नुकतीच चालायला लागलेली.

चिमी दिवसभर कारखान्यामागच्या पाळणाघरात असायची. इस्त्रीखात्याला लागून एक खोली, एकच खिडकी, भिंतीशी एक लोखंडी कपाट, खाली चादरी अंथरलेल्या. मुलं सांभाळायला मावशी होती. एकटी बाई, बोलायला फटकळ, पण रडतं मूल तिच्या खांद्यावर गेलं की गप्प व्हायचं.

थंडी सुरू झाली, खिडकी बंद झाली आणि मुलं बदलली. दुपारी झोपली की उठेनात. संध्याकाळी चिमीला उचललं तर मान एका बाजूला पडायची, घरी येईपर्यंत दूध ओकून टाकायची. सून रात्रभर तिच्या छातीवर हात ठेवून बसायची. काकूच्याही घशाखाली घास उतरेना. कारण कळत नव्हतं, आणि कारण कळत नसलं की माणूस कारण शोधत नाही, माणूस शोधतो.

एका दुपारी काकू चहाच्या सुट्टीत पाळणाघराकडे गेली. दार अर्धं उघडं. आत मावशी पाठमोरी बसून तपकिरी बाटलीतलं काहीतरी चमच्यात ओतत होती. काकू आत गेली नाही. घंटा झाली म्हणून वळली, आणि टेबलावर येताना कॉलर लावणारीच्या कानात म्हणाली, मावशी पोरांना काहीतरी पाजते वाटतं.

संध्याकाळ व्हायच्या आत इस्त्रीवाला तिच्या टेबलाशी येऊन टेकला. ऐकलंत का काकू, पाळणाघरवाली पोरांना अफू देते.

काकूला वाटलं, आपण पाहिलं ते खरंच होतं तर. आता हा गडीमाणूसही सांगतोय, म्हणजे त्यालाही कुठूनतरी कळलंय. दोन बाजूंनी एकच गोष्ट आली, आणखी काय पुरावा हवा?

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बाया पाळणाघरात शिरल्या. काकू पुढे होती. मावशीने बाटली स्वतःच दाखवली. खोकल्याचं औषध होतं आणि तिचं स्वतःचं होतं. ती म्हणाली, माझंही डोकं दुपारी दगडासारखं होतं, मलाही काही सुचत नाही. त्यावर काज करणारी बाई म्हणाली, मग तूही घेत असशील चमचाभर. बाया हसल्या. मावशीच्या तोंडचं खरं वाक्य तिथेच त्या हसण्यात बुडालं. बाटली कुणीतरी भिंतीवर फोडली. मावशीची पिशवी दाराबाहेर गेली, मागोमाग ती गेली. जाताना ती काकूसमोर थांबली.

"काकू, शर्टसुद्धा उलटून बघता तुम्ही. मला नुसतं विचारायचं तरी होतंत."

काकूने तोंड फिरवलं.

काज करणारीची चुलतबहीण मुलं सांभाळायला आली. सगळ्यांची ओळखीची, देवासारखी बाई असा बोलबाला. आणि चिमी पहिल्यासारखीच मान टाकत राहिली. बाया म्हणाल्या, आधीचं अंगातून उतरायला वेळ लागतो. आणखी काही दिवस गेले. एका दुपारी एक मूल हलवूनही उठेना. बाहेर मोकळ्या हवेत नेलं, तोंडावर पाणी मारलं, तेव्हा कुठे त्याने डोळे उघडले. आता बायांमध्ये दुसरी कुजबुज सुरू झाली, हीसुद्धा तसलीच निघाली.

ही कुजबुज काकूपर्यंत आली तेव्हा तिच्या हातात शर्ट होता. तिने तो खाली ठेवला. पाजणारी गेली, बाटली फुटली, तरी मुलं झोपताहेत. म्हणजे एकतर दोघी पाजतात, नाहीतर एकही पाजत नव्हती.

ती उठली आणि इस्त्रीवाल्याकडे गेली. तुला अफूचं कुणी सांगितलं? काज करणारीने. तिला विचारलं. ती म्हणाली, 'अफू देते' असं मी नव्हते म्हणाले, 'अफू देते म्हणे' असं म्हणाले होते. मग तुला कुणी सांगितलं? कॉलर लावणारीने. तिने सांगितलं, 'झोपेचं काहीतरी पाजते म्हणे' एवढंच मी बोलले. आणि तुला गं?

कॉलर लावणारी तिच्याकडे बघतच राहिली. "काकू, मला तुम्हीच म्हणाला होता की."

आपल्या भाषेत हा केवढासा शब्द आहे, म्हणे. हे मी पाहिलेलं नाही, नुसतं ऐकलंय, एवढी कबुली त्यात असते. काकूच्या 'वाटतं'चं पुढच्या तोंडी 'म्हणे' झालं, त्यापुढे 'काहीतरी'ची अफू झाली, आणि इस्त्रीवाल्याच्या घाईत 'म्हणे'ही गळून पडलं. मग तेच बोलणं काकूच्या टेबलाशी परत आलं, आणि तिने स्वतःच्याच शब्दाला दुसरा साक्षीदार मानलं. तिने पाहिलं होतं काय? एक पाठ, एक बाटली, एक चमचा. चमचा कुणाच्या तोंडात गेला ते तिने पाहिलंच नव्हतं.

त्या दिवशी ती टेबलावर परत गेली नाही. पाळणाघरात जाऊन दार लावून मुलांजवळ बसली. नव्या बाईला तिने दरडावलं नाही, विचारलं. बाई रडकुंडीला येऊन म्हणाली, माझंही डोकं इथे रोज फुटतं, सुट्टीच्या दिवशी घरी काही होत नाही. थोड्या वेळाने काकूच्या स्वतःच्या कपाळावर घण पडायला लागले, डोळे मिटायला लागले. तिला तर कुणी काही पाजलं नव्हतं. तिने धडपडत खिडकी उघडली, मुलांना बाहेर काढलं आणि नव्या बाईच्या मदतीने कपाट ओढलं. मागे भिंतीला फट. पलीकडे इस्त्रीला वाफ पुरवणारा कोळशाचा बॉयलर, आणि त्याच्या धुराड्याचा सांधा फटीच्या तोंडाशीच निसटलेला. कोळसा अर्धवट जळला की एक वायू निघतो, त्याला ना रंग ना वास. झोपेत गेलेला माणूस त्यात कायमचा जाऊ शकतो.

मालक म्हणाला, थंडीच्या आधीच धुराडं दुरुस्त केलंय, तुमचा भ्रम आहे. काकू म्हणाली, असेलही, माझा भ्रम आधी एकदा झालाय, म्हणून या वेळी तपासून बघू. मुलं तीच, बाई तीच, जेवण तेच, फक्त खोली बदला. मालक टाळाटाळ करायला लागला तशा सगळ्या मशीन थांबल्या. मुलं पुढच्या पॅकिंगच्या खोलीत आली. दुपारच्या चहाला तिथून असा काही रडण्याचा कालवा उठला की सून मशीन सोडून धावली, आणि चिमीला कडेवर घेऊन रडत रडत हसली. बॉयलर त्याच संध्याकाळी विझवला.

एवढ्यावर संपलं असतं तर बरं होतं. काकूने सगळ्यांसमोर सांगितलं की ते बोलणं तिचं होतं आणि तिने पाहिलेलं नव्हतं. मग मावशीला शोधत शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली. मावशी एका खानावळीत भांडी घासत होती. तिने हात पुसले नाहीत, बस म्हणाली नाही. परत येणार नाही, एवढंच म्हणाली. तिथल्या गल्लीतही तिच्या आधी अफू पोहोचली होती, आता तर एक मूल दगावलं असंही जोडलं होतं. तिच्या हातात कुणी लेकरू देत नव्हतं.

तेव्हापासून काकू सुट्टीच्या दिवशी त्या गल्लीत दारोदार फिरते. लोक म्हणतात, तुम्ही सांगता ते खरं, पण काहीतरी असेलच. ती विचारते, तू पाहिलंस? पुष्कळ जण दार लावून घेतात. ती पुढच्या दाराशी जाते.

मावशी अजून भांडीच घासतेय. ती अफू उद्या तुमच्या गल्लीत येईल, तुमच्याही कानात कुणीतरी ती ओतेल. तेव्हा एवढं करा. सांगणाऱ्याचा हात धरा, तुला कुणी सांगितलं ते विचारा, आणि त्याला घेऊन त्या सांगणाऱ्याच्या दाराशी जा.